न पाहिलेला रुपया

माझ्या कपाटात कामबख्शच्या नावाचा एक रुपया आहे. औरंगजेबाचा हा सर्वांत धाकटा मुलगा. बाप १७०७ मध्ये गेल्यावर याने विजापूर आणि हैदराबादेत स्वतःला बादशाह म्हणवून घेतलं, स्वतःच्या नावाची नाणी पाडली आणि जानेवारी १७०९ मध्ये थोरल्या भावाशी, बहादूर शाहशी, हैदराबादजवळ लढताना जखमी होऊन मेला. जेमतेम दोन वर्षांची बादशाही, तीही दक्खनेतली. नाणी कमी, म्हणून महाग. माझ्या रुपयावर टाकसाळीचं नाव आहे 'दारुज्जफर बिजापूर'. मी तो ४२ हजारांना घेतला. तो खोटा आहे.

हे लिहायला मला दीड वर्ष लागलं. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण शरम जास्त होती. मोहल्ल्यात कुणाला जुनं नाणं सापडलं की ते माझ्याकडे घेऊन येतात. अब्बांनी लहानपणी उर्दू शिकवली, त्यावर थोडी फारसी मी स्वतः जमवली, त्यामुळे मुघल नाण्यावरचा लेख मला वाचता येतो. 'ज़र्ब' कुठे आहे, 'जुलूस' कुठे आहे, हिजरी सन कुठे कापला गेलाय, हे मी पोरांना दाखवायचो. आणि हाच माणूस रात्री अकरा वाजता मोबाईलच्या पडद्यावर एका फोटोला भुलला.

लिलाव मोबाईलवरच्या एका ग्रुपमध्ये होता. असे डझनावारी ग्रुप आज महाराष्ट्रात चालतात आणि नाण्यांचा शौक असलेल्या बहुतेकांना ते माहीत आहेत. संध्याकाळी फोटो पडतो. दोनच फोटो, पुढची बाजू आणि मागची बाजू. खाली लिहिलेलं असतं, 'ओरिजिनल, रेअर, नो रिटर्न.' रात्री ठरलेल्या वेळी बोली बंद. सकाळपर्यंत पैसे पाठवायचे, मग माल कुरिअरने. त्या रात्री बोली १५ हजारांपासून सुरू झाली. वीसच्या पुढे आम्ही दोघेच उरलो, मी आणि एक नंबर. मी वाढवलं की तो वाढवायचा. ४१ वर तो थांबला. नंतर वर्षभर मी पाहत होतो, त्या नंबरने कधी काही जिंकलेलं मला दिसलं नाही. तो फक्त हरायचा, आणि दर वेळी कुणाला तरी चांगल्या भावाला चढवून हरायचा.

रुपया आला तेव्हा मी पाकीट फोडून लेख वाचला. अक्षर न् अक्षर बरोबर. मी खूश. वजन केलं नाही. कड पाहिली नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्या एका ग्रुपवर कामबख्शचाच, बिजापूरचाच रुपया लिलावाला आला आणि मला वाटलं, अरे वा, आणखी एक. फोटो मोठा करून पाहिला आणि पोटात गोळा आला. तो माझाच रुपया होता. माझा कपाटात होता, आणि तरी तो तिथे होता.

हे जरा समजावून सांगावं लागेल. मुघल रुपया यंत्राने पाडलेला नसायचा. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि कामगाराने घण मारायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून लेख कधीच पूर्ण उमटत नाही. कधी वरचा भाग कापला जातो, कधी डावा. चकतीही दर वेळी वेगळी, कुठे फाटलेली, कुठे जाड. एकाच ठशाखालून दिवसभरात शेकडो रुपये निघाले तरी त्यातला एक दुसऱ्यासारखा तंतोतंत नसतो. त्यात भर सराफांच्या खुणांची. रुपया बाजारात फिरायला लागला की सराफ त्यावर छोटी छन्नी नाहीतर ठोकणी मारून बघायचा की आत चांदीच आहे की वरून मुलामा दिलेलं तांबं. या खुणा प्रत्येक नाण्यावर वेगळ्या जागी. माझ्या रुपयावर 'बिजापूर'च्या 'पे'खाली चंद्रकोरीसारखी एक खूण होती आणि कडेला दोन टोचे. दुसऱ्या रुपयावर तीच चंद्रकोर, तिथेच. तेच दोन टोचे, त्याच अंतरावर. कडेची चीरही तीच. म्हणजे कुठेतरी एक खरा रुपया आहे, त्याच्यावरून साचा घेतलाय आणि त्या साच्यातून किती लेकरं ओतली गेली हे अल्लाहलाच माहीत.

मग मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सोन्याचांदीचं वजन करतात तो छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. खरा मुघल रुपया साधारण साडेअकरा ग्रॅमचा, फिरून झिजला तर थोडा कमी. माझा भरला १०.६. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, काटा शून्यावर आणला आणि रुपया दोऱ्याला बांधून, तळाला न टेकवता, पाण्यात सोडला. काट्याने १.२ दाखवलं. १०.६ ला १.२ ने भागा, पावणेनऊच्या जरा वर येतं. शुद्ध चांदीला हा आकडा साडेदहाच्या आसपास येतो, चांगल्या रुपयाला दहाच्या वर. पावणेनऊ म्हणजे तांब्यापितळेच्या घरातलं काहीतरी, वर चांदीचं पाणी. कडेवर भिंगातून पाहिलं तर एका रेषेत बारीक घासल्याच्या खुणा होत्या. साच्याच्या दोन भागांची शिवण कानशीने घालवली होती. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम.

माझी फजिती नेमकी कशाने झाली हे नीट सांगतो, कारण आमच्यासारख्या थोडंबहुत वाचता येणाऱ्यांनाच हा धोका जास्त आहे. पूर्वीचा नकलाकार स्वतः ठसा कोरायचा. त्याला फारसी येत नसायची, मग नुक्ते चुकायचे, 'ज़र्ब'चा 'ज़्वाद' वाकडा व्हायचा, आणि वाचता येणारा माणूस त्याला पकडायचा. ओतीव नकलेत लेख खऱ्या नाण्यावरूनच उचललेला असतो. तो चुकणार कसा? मी लेख तपासत होतो आणि लेखच तेवढा खरा होता. फोटोत जे दिसतं ते नकलाकाराने आधीच सांभाळलेलं असतं. जे दिसत नाही तिथेच तो कापतो. वजन फोटोत येत नाही. कड येत नाही. लाकडी टेबलावर टाकल्यावर येणारा आवाज येत नाही. ओतीव नाण्याचा पृष्ठभाग साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत आणि जवळून पाहिलं तर बारीक छिद्रांचा असतो. फोटो पाठवताना मोबाईल तो लहान करतो, त्यात ही छिद्रंही पुसली जातात.

आणि हे फक्त मुघल नाण्यांचं नाही. पाचव्या जॉर्जचा १९११ चा रुपया घ्या. त्यात राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती इतका आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला, मुसलमानांत संताप झाला, आणि सरकारने रुपया मागे घेऊन १९१२ पासून हत्ती सुधारला. आमच्या लोकांना हा किस्सा सांगून तो रुपया चढ्या भावाने विकतात. नाणं खरं असतं, पण कित्येकदा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलेलं. फोटोत ते नव्यासारखं झळकतं आणि हातात घेतल्यावर कळतं की त्याची कातडी सोललेली आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८ च्या शेवटच्या आकड्यावर कारागिरी करून त्याचा १९३९ केला जातो. ती जागा भिंगाखाली धरून तिरप्या उजेडात फिरवल्याशिवाय कळत नाही. राणीच्या रुपयांचं आणखी वेगळं. आपल्याकडे बायकांनी ते कडी लावून गळ्यात घातले. आजीच्या पेटीतल्या माळेतला असा रुपया विकायला काढताना कडी तोडतात, डाग घासतात आणि फोटो काढताना नेमकी ती बाजू खाली येईल असं बोट धरतात. डाग लागलेल्या नाण्याची किंमत निम्म्याहून खाली येते हे विकणाऱ्याला माहीत असतं. शिवरायांच्या सोन्याच्या होनाबद्दल तर बोलायलाच नको. अस्सल होन अगदी मोजके माहीत आहेत, आणि तरी ग्रुपवर दर काही महिन्यांनी एखादा होन 'एका जुन्या वाड्यातून' निघतो.

या धंद्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. एका ग्राहकाला १८१८ सालचा, रामदरबार असलेला, ईस्ट इंडिया कंपनीचा म्हणून तांब्याचा तुकडा दाखवतात. कंपनीने असलं नाणं पाडलेलं नाही. दुसऱ्या ग्राहकाला काबा आणि मस्जिद-ए-नबवी कोरलेला पितळी बिल्ला 'मक्का-मदिनेचं पुरातन नाणं' म्हणून दाखवतात, किंवा ७८६ नंबरची नोट लाखाला जाते म्हणून सांगतात. श्रद्धा ज्याची त्याची, साचा एकाच दुकानातला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आमचा काही संबंध नाही, आमच्या नावाने कुणी शुल्क, कमिशन किंवा कर मागितला तर देऊ नका. ते पत्रक मी आमच्या एका ग्रुपवर टाकलं होतं. त्याखाली एकाने अंगठा दाखवला आणि लगेच पुढचा फोटो पडला.

आता माझा खरा राग कुणावर आहे ते सांगतो. ठग ठगच असतो. राग आहे तो आपल्यावर. आपण, म्हणजे लिहिणारे-वाचणारे, नमाजी, दीनदार मुसलमान संग्राहक. आमच्या ग्रुपवर चर्चा काय होतात? राजाचं चित्र असलेलं नाणं खिशात ठेवून नमाज होते का? कलमा कोरलेलं नाणं वुजूशिवाय हातात घ्यावं का? बँकेच्या व्याजाचं काय करावं? हे प्रश्न विचारणाऱ्यांची मी थट्टा करत नाही. पण हीच माणसं त्याच रात्री, न पाहिलेल्या मालावर, परत न करण्याच्या अटीवर, कुणी फसवी बोली लावतोय का हे न बघता ३०-४० हजार पाठवून देतात आणि त्यात दीनचा काही प्रश्न आहे असं त्यांच्या मनातही येत नाही.

मी मौलवी नाही. पण हे काही गुप्त इल्म नाही, मदरशाच्या मधल्या वर्गातला पोरगाही सांगेल. लिलावाला शरियतचा विरोध नाही. एका गरजू अन्सारीच्या घरातला प्याला आणि अंथरायचा कपडा पैगंबरांनी (स.) स्वतः बोली लावून विकून दिल्याची हदीस आहे. विरोध आहे तो 'नज्श'ला, म्हणजे घ्यायचं नसताना दुसऱ्याला चढवायला बोली लावणं. माझ्या रात्रीचा तो हरणारा नंबर आठवा. विरोध आहे 'मुलामसा' आणि 'मुनाबजा'ला. कापड उलगडून न बघता फक्त हात लावला की सौदा पक्का, किंवा गाठोडं एकमेकांकडे फेकलं की सौदा पक्का, अशी अरबांची पद्धत होती, ती मना झाली. गाठोडं फेकण्यात आणि पडद्यावर फोटो फेकण्यात फार अंतर आहे का? आणि जनावर विकायच्या आधी दोन दिवस दूध न काढता कास फुगवून दाखवण्याची चलाखी. अशी शेळी किंवा उंटीण घेणाऱ्याला तीन दिवसांत परत करायचा हक्क दिलेला आहे. घासून चमकवलेल्या रुपयाचा दिव्याखाली काढलेला फोटो ही आमच्या काळातली फुगलेली कास आहे.

माझा एक मित्र रत्नागिरीकडचा, म्हणजे शाफई. त्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "हमारे यहाँ तो बिना देखा सौदा जायजच नहीं." शाफई मजहबात न पाहिलेल्या वस्तूची अशी विक्री मुळात सहीच होत नाही. आम्ही हनफी. आमच्याकडे सौदा होतो, पण घेणाऱ्याला 'खियार-ए-रुयत' असतो. वस्तू पाहिल्यावर पसंत नसेल तर ती परत करायचा हक्क. आणि यातली खरी गंमत पुढे आहे. 'हिदाया'त स्पष्ट आहे की पाहण्याच्या आधीच 'मला मंजूर' म्हटलं तरी तो हक्क जात नाही. म्हणजे 'नो रिटर्न'ला मी रात्री अकरा वाजता अंगठा दाखवला, त्याची हनफी फिकहात काही किंमत नाही.

यावर एक वकिली उत्तर मला ग्रुपवरच मिळालं होतं. फोटो बघितला म्हणजे पाहिलंच की! पण फुकहांनी पाहणं म्हणजे काय हेही लिहून ठेवलंय. वस्तू ज्यासाठी घ्यायची ते ज्यातून कळेल ते पाहिलं पाहिजे. खायच्या वस्तूचं पाहणं म्हणजे चव. मांसासाठी घेतलेल्या बकऱ्याचं पाहणं म्हणजे हाताने दाबून बघणं, दुधाच्या शेळीचं पाहणं म्हणजे कास बघणं. आंधळ्याचं चाचपणं, वास घेणं, चाखणं हेच त्याचं पाहणं. मग चांदीच्या रुपयाचं पाहणं म्हणजे काय, हे आठशे वर्षांपूर्वीच्या त्या फकीहला विचारलं असतं तर त्याने काटाच मागितला असता.

कुणी म्हणेल, दीन बाजूला ठेवा, कायद्याचं बोला. १९३० चा मालविक्री कायदा आहे. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणे असला पाहिजे, हे त्यात आहे. लिलावाचं कलम ६४ आहे. विकणाऱ्याने खोटी बोली लावून भाव वाढवला तर खरेदीदाराला तो सौदा रद्द करता येतो, हेही त्यात आहे. पण मी कुणाविरुद्ध जाणार? विकणाऱ्याचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. पावती नव्हती. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो, हे मला माहीत होतं, आणि परवाना आहे का हे मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बोली लावायला मिळाली नसती, आणि मला तो रुपया हवा होता. हीच माझ्या गुन्ह्याची कबुली समजा.

विकणाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा रास्त आहे, तो टाळणार नाही. ते म्हणतात, परत घेतो म्हटलं की काही लोक खरं नाणं ठेवून घेतात आणि नकली परत पाठवतात. असे लोक आहेत. पण हाताने पाडलेल्या नाण्याबाबत ही भीती पोकळ आहे, कारण त्याच्या खुणा म्हणजे त्याचा अंगठा. पाठवताना काट्यावर ठेवून, कड फिरवून एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, परत आल्यावर ताडून बघा. यंत्राच्या नाण्यात हे अवघड आहे, मान्य. तिथे अमेरिकी संस्थांच्या सीलबंद प्लास्टिक डब्या चालतात, पण आता त्या डब्यांच्याही नकला येतात. म्हणून तिथे तर समोरासमोरच घ्यावं.

दुसरा मुद्दा असा की सगळं जग आता न बघताच लिलावात घेतं. अर्धसत्य आहे हे. नाव असलेली लिलावगृहं लिलावाच्या आधी माल बघायला ठेवतात, छापील यादीत प्रत्येक नाण्याचं वजन देतात, आधी ते कुणाच्या संग्रहात होतं ते शक्य तेव्हा सांगतात, आणि नकली निघालं तर काय याची अट लिहून देतात. तिथेही चुका होतात, तिथेही वर कमिशन बसतं, आणि तिथेही माझा सल्ला हाच की बघायच्या दिवशी जा. पण आमच्या ग्रुपवाल्यांनी त्यांच्याकडून घेतलं काय? फक्त हातोडा.

आणि 'शौक आहे, थोडं इकडे-तिकडे चालायचंच' म्हणणाऱ्यांना मी एका चाचांकडे घेऊन जाऊ इच्छितो. आमच्या मोहल्ल्यातलेच. एसटीत वाहक होते, सुट्ट्या पैशांच्या थैलीत जुनी नाणी सापडायची, तिथून शौक लागला. निवृत्त झाल्यावर त्यांना त्या ग्रुपमध्ये मीच घेतलं. फोनवर बोली कशी लावायची तेही मीच शिकवलं. दोन वर्षांत त्यांनी ३१ नाणी घेतली, १ लाख ८० हजारांची. नातीच्या कॉलेजच्या वेळी विकू, तोवर भाव दुप्पट होईल, हा त्यांचा हिशेब. बँकेत ठेवलं तर व्याज लागतं, म्हणून त्यांनी नाण्यात ठेवलं. माझा रुपया खोटा निघाल्यावर मी काटा घेऊन त्यांच्याकडे गेलो. एकेक नाणं तोललं, पाण्यात सोडलं. ते शेजारी बसून आकडे वहीत लिहीत होते, एसटीतल्या हिशेबासारखे, सरळ रेषेत. १४ नाणी खोटी निघाली. आणखी तीन खरी होती पण घासलेली. कोकणच्या बंदरांत चालायची ती आदिलशाही लारी, गळासारखी वाकवलेली चांदीची तार, तिच्यावर त्यांचा फार जीव होता. ती पितळेची निघाली.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग लारी हातात घेऊन म्हणाले, "लिखावट तो बराबर है ना, बेटा?"

मी हो म्हणालो. लिखावट बरोबर होती.

त्यांच्या मुलाला हे अजून माहीत नाही. एका ओळखीच्या संग्राहकाने मला सल्ला दिला की त्यात काय, तुमची आणि चाचांची सगळी एकेक करून दुसऱ्या ग्रुपवर चढवा, निम्मे तरी पैसे निघतील, सगळे हेच करतात. तो माणूस वाईट नाही. त्याच्याकडे माझी दोन पुस्तकं आहेत आणि ती तो परत करेल. पण त्याच्या तोंडून ते ऐकलं तेव्हा मला कळलं की ही नाणी संपत का नाहीत. फसलेला माणूस गप्प बसतो, नाहीतर पुढच्याला फसवून मोकळा होतो. धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओलं लागलं तेव्हा पैगंबरांनी (स.) त्या व्यापाऱ्याला जे सांगितलं ते आम्ही जुम्याच्या खुतब्यात शेकडो वेळा ऐकलंय. ओलं वर ठेव, लोकांना दिसू दे. मी माझ्या रुपयाच्या पाकिटावर 'खोटा, विकू नये' असं मराठीत आणि उर्दूत लिहून ठेवलंय, माझ्यामागे पोरांनी तो काढू नये म्हणून. चाचांच्या १४ पाकिटांवरही लिहिलं. त्यांनी स्वतः पेन हातात दिलं.

ज्यांना नाणी घ्यायचीच आहेत त्यांनी पुण्याच्या जुन्या बाजारात जावं, मुंबईत चोरबाजारात जावं, नाण्यांच्या प्रदर्शनात जावं. तिथे खोटं नाही असं कोण म्हणतंय? भरपूर आहे. पण तिथे काटा खिशात नेता येतो, नाणं टेबलावर वाजवता येतं, कड नखाने चाचपता येते, आणि विकणाऱ्याचा चेहरा बघता येतो. नाही पटलं तर चहा पिऊन परत येता येतं. बोलीच लावायची असेल तर आधी वजन विचारा, कडेचा फोटो मागा, पाहून परत करायची सात दिवसांची मुदत लेखी घ्या आणि पैसे कुणाच्या नावावर चाललेत ते बघा. यातलं एकही न देणारा विक्रेता तुम्हाला नाणं विकत नाहीये. मुघल बाजारातला सराफ हातात असलेल्या रुपयावर, बादशाहाचं नाव असलेल्या रुपयावर, छन्नी मारून बघायचा आणि मगच घ्यायचा. त्याने मारलेल्या खुणा असलेलं नाणं आपण फोटोवर घेतो.

मागच्या आठवड्यात कामबख्श पुन्हा आला. तिसरा ग्रुप, नवा नंबर. तीच चंद्रकोर, तेच दोन टोचे. २६ हजारांवर बोली चालू होती. मी एकच ओळ लिहिली, 'भाईजान, याचं वजन किती?' उत्तर आलं नाही. दोन मिनिटांनी पाहिलं तर मला ग्रुपमधून काढलं होतं. एका पोराने नंतर कळवलं, ५१ हजारांना गेला. कुणी घेतला ते मी त्याला विचारलं. नांदेडकडचे कोणी सर आहेत म्हणाला, फारसी वाचता येते त्यांना.